चढाचाही आकडा द्या

प्रति,
मा. संचालक,
ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय),
वेताळ टेकडी, कोथरूड, पुणे

विषय : कमी किमतीच्या इलेक्ट्रिक स्कूटरची चढावरची क्षमता मोजून जाहीर करण्याबाबत

महोदय,



इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायला शोरूममध्ये गेलेल्या माणसाला तीन आकडे सांगितले जातात : किंमत, सर्वाधिक वेग आणि एका चार्जिंगमध्ये कापले जाणारे अंतर. यांतला तिसरा आकडा सांगताना विक्रेता ‘एआरएआय सर्टिफाइड’ हे शब्द आवर्जून जोडतो आणि गिऱ्हाईक त्यावर विश्वास ठेवते. हा विश्वास तुमच्या संस्थेने १९६६पासूनच्या कामातून कमावला आहे. त्याविषयी आदर आहे, म्हणूनच हे पत्र तुम्हाला आणि तेही उघडपणे लिहीत आहे. तक्रार एवढीच, की तो आकडा सपाट रस्त्याचा आहे आणि सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्यांच्या वाट्याला सपाट रस्ता फारसा येत नाही. वाईहून पाचगणीला कामाला जाणारे, साताऱ्याहून कासच्या बाजूला चढणारे, सावंतवाडी-आंबोली किंवा गगनबावड्याच्या घाटात रोज ये-जा करणारे शिक्षक, परिचारिका, हॉटेलातले कामगार, भाजी आणि स्ट्रॉबेरी घेऊन निघणारे शेतकरी, या सगळ्यांनी कोणती स्कूटर घ्यावी हे सांगणारा एकही प्रमाणित आकडा आज बाजारात सहजी दिसत नाही. तुमची संस्था स्वतः टेकडीवर वसलेली आहे. चढावर गाडीचे काय होते हे तुम्हाला सांगायची गरज नाही. ते मोजून ग्राहकाच्या हाती द्यावे, एवढेच मागायचे आहे.

मुळात तुमचा आकडा खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. एआयएस-०४० या मानकाप्रमाणे गाडी ठरलेल्या आवर्तनाने चालवून तिची रेंज मोजली जाते. पत्रकांवर ‘आयडीसी रेंज’ म्हणून जो आकडा छापतात, तो ज्या इंडियन ड्रायव्हिंग सायकलवर बेतलेला आहे तिचे एक आवर्तन १०८ सेकंदांचे असते. त्यातला सर्वाधिक वेग ताशी ४२ किलोमीटर आणि सरासरी ताशी २२च्या आसपास. सगळ्या गाड्यांना कसोटी एकच असल्याने दोन गाड्यांची तुलना रास्त होते. या आवर्तनात वेग वाढतो, कमी होतो, गाडी थांबते, पुन्हा निघते. रस्ता मात्र कधीच वर जात नाही. शहरातल्या ग्राहकाला छापील आकड्यातून थोडे वजा करून घ्यायची सवय झाली आहे. एथरसारखी कंपनी तर प्रमाणित आकड्याच्या जोडीला ‘ट्रूरेंज’ नावाने आपला कमी आकडाही देत आली आहे. सपाटीवर ही वजाबाकी पुरते. घाटात ती पुरत नाही, कारण तिथे मोटरला वेगळ्याच प्रकारचे काम करावे लागते आणि ते सलग करावे लागते.

वाई-पाचगणी रस्त्यावरच्या पसरणी घाटाचे उदाहरण घेऊ. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटरवर आहे, पाचगणी सुमारे १,२९० मीटरवर. रस्ता बारा किलोमीटरच्या आसपास आणि चढ सुमारे ५७० मीटरचा. स्कूटरचे वजन ११० किलो आणि डबलसीट दोन माणसांचे मिळून १४० किलो धरले, तर २५० किलो ओझे ५७० मीटर वर न्यायचे आहे. शाळेतल्या सूत्राने हे काम जवळजवळ ३९० वॉट-तास भरते. त्यात टायरचे घर्षण आणि ताशी ३० किलोमीटर वेगाला होणारा वाऱ्याचा विरोध मिळवला, की चाकापाशी सुमारे ६०० वॉट-तास लागतात. बॅटरीतून निघालेल्या विजेचा पाऊण हिस्सा चाकापर्यंत पोचतो असे धरले, तर पाचगणीला पोचेपर्यंत बॅटरीतले ८०० वॉट-तास खर्च झालेले असतील. हेच ओझे घेऊन तेवढेच अंतर सपाट रस्त्यावर कापले, तर खर्च पावणेतीनशेच्या घरात राहतो. म्हणजे घाटाचा एक किलोमीटर सपाटीच्या जवळपास तीन किलोमीटरांच्या भावाने पडतो. एक लाखाच्या आतबाहेर मिळणाऱ्या बऱ्याच स्कूटरची बॅटरी २ ते ३ किलोवॉट-तासांची असते. २.२ किलोवॉट-तासांच्या बॅटरीतला तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त साठा एका चढाईत संपतो.

हे गणित ऐकून कोणी म्हणेल, की मग इलेक्ट्रिक स्कूटर घाटासाठी नव्हेच. माझा निष्कर्ष नेमका उलटा आहे. एका चढाईत बॅटरीचा एक तृतीयांश गेला तरी परतीचा उतार जवळजवळ फुकटात होतो. वाई-पाचगणी-वाई ही फेरी एक किलोवॉट-तासाच्या आतबाहेर बसते. सर्वांत लहान बॅटरीही एवढ्याला पुरून उरते. चार्जिंगमधली गळती धरूनही चढाईची वीज घरगुती दराने दहा-पंधरा रुपयांच्या आत येते. पेट्रोलच्या स्कूटरने त्याच चढावर लिटरला ४० किलोमीटरचे ॲव्हरेज दिले असे मानले, तरी शंभरावर गेलेल्या भावाने तीस रुपये लागतात. शिवाय उंचीवर हवा विरळ झाल्याने पेट्रोलच्या इंजिनाची ताकद घटते, तशी विजेच्या मोटरची घटत नाही. तेव्हा घाटातल्या माणसाला किलोमीटर कमी पडत नाहीत. डबलसीट ओझे घेऊन गाडी पहिल्या वळणापासून शेवटच्या वळणापर्यंत त्याच दमाने चढते का, हा त्याचा खरा प्रश्न आहे. सगळा बाजार मात्र त्याला रेंज सांगत राहतो आणि त्याच रेंजच्या भीतीने तो गरजेपेक्षा मोठी आणि महाग बॅटरी विकत घेतो.

दमाचा हा प्रश्न उष्णतेचा आहे. सपाट रस्त्यावर ताशी ३० वेगाने डबलसीट जायला चाकापाशी अर्धा किलोवॉट शक्ती पुरते. पाच टक्के चढावर तीच गाडी त्याच वेगाने नेण्यासाठी दीड किलोवॉट लागते आणि आठ टक्क्यांच्या तुकड्यावर दोन किलोवॉटच्या वर. सिग्नलवरून निघताना मोटर काही सेकंद एवढी किंवा याहून जास्त शक्ती सहज देते, कारण तेवढ्यात ती तापत नाही. घाटात तीच मागणी वीस-पंचवीस मिनिटे सलग राहते. वेग कमी म्हणून वाऱ्याने मोटर थंड होत नाही, आणि चढ मोठा म्हणून तारांमधून जाणारा प्रवाह वाढलेला असतो. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. ठरलेल्या तापमानाच्या वर गेल्यावर मोटर आणि कंट्रोलर जळू नयेत म्हणून गाडी आपणहून शक्ती कमी करते. यात काही दोष नाही, ती योग्य काळजीच आहे. पण वळणावर, मागे एसटी लागलेली असताना गाडीचा वेग एकाएकी निम्म्यावर आला तर ते धोक्याचे आहे. हे कोणत्या ओझ्याला, किती मिनिटांनी आणि हवेच्या कोणत्या तापमानाला घडेल हे ग्राहकाला खरेदीपूर्वी कळायला हवे.

या प्रश्नाच्या उत्तराचा अर्धा भाग तुमच्याच मानकांत आहे. एआयएस-०४१ हे मानक विजेच्या गाडीची निव्वळ शक्ती आणि अर्ध्या तासाची कमाल शक्ती मोजण्याचे आहे. मोटर सलग तीस मिनिटे जास्तीत जास्त किती शक्ती देऊ शकते, याचा तो आकडा. पसरणी घाट चढायला लागणारा वेळ साधारण तेवढाच. घाटातल्या माणसाला याहून उपयोगी आकडा शोधून सापडणार नाही. पण जाहिरातीत ठळक छापली जाते ती ‘पीक पॉवर’, म्हणजे थोड्या सेकंदांची शक्ती. मोटरची टिकाऊ शक्ती कुठे पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात असते, कुठे नसतेच. जो आकडा मान्यता घेताना मोजला जातो तो विकताना मागे पडतो, ही माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार आहे.

सपाटीच्या आकड्यावरून चढाचा अंदाज बांधता येत असता, तर हे पत्र लिहायची गरज पडली नसती. तसे करता येत नाही, कारण चढावर गाड्यांचा क्रमच बदलू शकतो. एकसारखी बॅटरी आणि एकसारखी रेंज असलेल्या दोन स्कूटर घ्या. एकीची मोटर थेट मागच्या चाकात बसवलेली आहे, म्हणजे हब मोटर. दुसरीची मोटर मध्यभागी असून पट्ट्याने किंवा गिअरने चाकाला जोडलेली आहे. सपाट रस्त्यावर हब मोटरची गाडी साधी, स्वस्त आणि कमी दुरुस्तीची ठरते. चढावर चाक हळू फिरते आणि ओढ मात्र मोठी लागते. दुसऱ्या गाडीत मोटर चाकापेक्षा कितीतरी जास्त फेरे घेत असल्याने तिला तीच ओढ कमी प्रवाहात देता येते. हब मोटरला ती सोय नाही. तिला जास्त प्रवाह घ्यावा लागतो आणि ती लवकर तापते. चांगली, दांडगी हब मोटर कच्च्या मध्यवर्ती मोटरवर मातही करील. म्हणून बांधणीवरून सरसकट निवाडा देता येत नाही आणि मोजणे अटळ ठरते. सपाटीवरची बरोबरी चढावर टिकेल याची खात्री पत्रक वाचून देता येत नाही. एकाच किमतीच्या दोन गाड्यांतून निवड करणाऱ्याला तर नेमके तेच हवे असते.

सर्वांत स्वस्त गटात हा अंधार आणखी दाट आहे. ज्या गाडीच्या मोटरची अर्ध्या तासाची शक्ती २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असतो, तिला नोंदणी आणि परवाना लागत नाही. कमी पैशांत, कागदपत्रांविना मिळणारी ही गाडी विद्यार्थ्यांसाठी आणि ज्येष्ठांसाठी सोयीची म्हणून विकली जाते. ८० किलोची गाडी आणि ७० किलोचा एकटा चालक धरला, तरी आठ टक्के चढावर २५० वॉटमध्ये तिचा वेग ताशी साडेसहा किलोमीटर भरतो. पायी चालणाऱ्यापेक्षा थोडाच जास्त. थोड्या वेळापुरती ती याहून जास्त ओढेल, पण सलग चढावर तिच्याकडून अधिक अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. सपाट गावात हीच गाडी उत्तम काम देते. डोंगरउतारावर वसलेल्या गावात ती विकताना हे सांगण्याची जबाबदारी मात्र आज कोणावरच नाही.

उताराचा विचार तर त्याहूनही कमी होतो. उतरताना मोटर उलटे काम करून वीज परत भरते, म्हणून चढाचा खर्च भरून निघतो असे विक्रेते सांगतात. ते पूर्णपणे खरे नाही. पसरणी घाट उतरताना मिळणाऱ्या ३९० वॉट-तासांपैकी निम्म्याहून जास्त टायरच्या घर्षणात आणि वाऱ्यात जातात. उरलेल्यातले जनित्राच्या वाटेने परत बॅटरीत पोचतील ते फार तर शे-सव्वाशे. चढाला लागलेल्या ८०० पुढे ही परतफेड मामुली आहे. पण मुद्दा केवळ विजेचा नाही, ब्रेकचाही आहे. भरलेली बॅटरी आणखी वीज घेऊ शकत नाही, त्यामुळे ती पूर्ण चार्ज असताना मोटरचा हा ब्रेक लागत नाही किंवा फार कमी लागतो. वाईचा माणूस सकाळी भरल्या बॅटरीने चढतो आणि संध्याकाळी रिकाम्या जागेसह उतरतो. त्याला अडचण येत नाही. पाचगणीच्या माणसाचे उलट आहे. रात्रभर चार्जिंग करून तो सकाळी शंभर टक्के बॅटरीने घाट उतरायला लागतो, तेव्हा सगळा भार साध्या ब्रेकांवर पडतो. पेट्रोलच्या गाडीत ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन थोडेतरी अडवते, इथे तेही नाही. स्वस्त गाड्यांत पुष्कळदा दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि लांब उतारावर ते तापून सैल पडू शकतात. संध्याकाळी हाच माणूस अर्ध्या-पाव बॅटरीवर चढायला निघतो, आणि चार्ज कमी झाल्यावर अनेक गाड्या शक्तीला आवर घालतात. एकाच घाटाच्या वरच्या आणि खालच्या टोकाच्या दोन ग्राहकांना वेगळी माहिती लागते. आज दोघांनाही एकच आकडा मिळतो आणि तो दोघांच्याही कामाचा नसतो.

आपल्याकडचा शेतकरी पाण्याची मोटर घेताना अशी फसगत करून घेत नाही. पंप मिनिटाला किती लिटर पाणी देतो एवढे ऐकून तो पैसे मोजत नाही. किती हेडला, म्हणजे किती उंचीपर्यंत देतो, हे आधी विचारतो. पंपाच्या पाटीवर दोन्ही आकडे असतात, कारण विहिरीच्या काठावर भरपूर पाणी देणारा पंप टेकाडावरच्या टाकीला पाणी चढवीलच असे नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. स्कूटरच्या पाटीवर आज केवळ लिटर आहेत. हेडचा आकडा लिहायला लावणे तुमच्या हाती आहे, आणि त्यासाठी पुढील चार विनंत्या करीत आहे.

पहिली विनंती : अर्ध्या तासाची शक्ती पीक पॉवरच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत छापणे सक्तीचे व्हावे. त्यासाठी नवी चाचणी लागत नाही, मोजलेला आकडा उघड करायचा आहे. ‘चार किलोवॉटची मोटर’ अशी जाहिरात वाचणाऱ्याला तिच्यातले किती किलोवॉट अर्धा तास टिकतात, हे त्याच ओळीत दिसले पाहिजे.

दुसरी विनंती : चढाची स्वतंत्र चाचणी ठरवावी. आठ टक्के चढ, चालक आणि मागे बसणारा असे दोघांचे ओझे, निम्मी किंवा त्याहून कमी भरलेली बॅटरी आणि आपल्या उन्हाळ्याला साजेसे हवेचे तापमान. अशा स्थितीत गाडी वीस मिनिटे चालवून सुरुवातीचा आणि शेवटचा वेग जाहीर करावा. दोन वेगांतले अंतर हेच गाडीच्या दमाचे माप होईल. घाटरस्त्यांच्या आखणीत पाच ते आठ टक्के चढ मानला जातो, म्हणून आठ टक्के ही मर्यादा अवाजवी नाही. रोलरवर ही चाचणी करायला डोंगर लागत नाही. २५० किलो ओझ्याला आठ टक्के चढ म्हणजे सुमारे १९६ न्यूटनचा जादा विरोध, आणि तो विरोध रोलरला घालून देता येतो.

तिसरी विनंती : त्याच चाचणीतून दर १०० मीटर उंचीला सपाटीपेक्षा किती जादा वॉट-तास लागले, हा आकडा काढून रेंजच्या खाली छापावा. वर धरलेल्या ओझ्याला तो ९०च्या आसपास येईल असा माझा हिशेब आहे. प्रत्यक्षात कोणाचा ८० येईल, कोणाचा १२० येईल, आणि चांगल्या-वाईट गाडीतला फरक तिथे उघडा पडेल. हा आकडा हाती आला, की आंबोलीच्या किंवा कुंभार्लीच्या माणसाला आपल्या रस्त्याची उंची पाहून घरबसल्या आपल्या फेरीचा हिशेब करता येईल.

चौथी विनंती उताराची : बॅटरी पूर्ण भरलेली असताना मोटरचा ब्रेक किती उरतो, हे माहितीपत्रकात लिहावे आणि तो बंद असल्यास चालकासमोरच्या पडद्यावर तशी खूण असावी. लांब उतारावर ब्रेक तापल्यानंतर गाडी किती अंतरात थांबते, याचीही नोंद प्रमाणपत्रात असावी. घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी बॅटरी ८०-९० टक्क्यांवर ठेवून निघावे, ही एका ओळीची सूचना तर कंपन्यांना उद्यापासून छापता येईल.

या मागण्यांवर कोणते आक्षेप घेतले जातील याची कल्पना आहे. पहिला आक्षेप असा, की चढण-क्षमता म्हणजे ग्रेडेबिलिटी पत्रकात दिलेलीच असते. असते, पण ती अंशांत दिलेली असते आणि घाटाचा चढ टक्क्यांत सांगतात. ७ अंश म्हणजे सुमारे १२ टक्के, १५ अंश म्हणजे जवळपास २७ टक्के. या हिशेबाने सात अंशांची कोणतीही स्कूटर महाराष्ट्रातला कोणताही आखीव घाट हसतहसत चढायला हवी. ज्या कसोटीत सगळेच उत्तीर्ण होतात तिच्यावरून निवड कशी करायची? हा आकडा किती ओझ्याला, किती वेळ आणि किती बॅटरीवर घेतला, याचा उल्लेख सहसा नसतो. उभी गाडी चढावर निघते का, हा एक प्रश्न. ती अर्धा तास चढत राहते का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.

दुसरा आक्षेप तांत्रिक आहे : प्रत्येक घाट वेगळा, मग एका चाचणीतून सर्वांना उत्तर कसे मिळणार? मिळणार नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. प्रत्येक शहराची रहदारीही वेगळीच असते; तरी १०८ सेकंदांचे एकच आवर्तन सर्वांना लावले जाते, कारण तुलनेसाठी काहीतरी समान लागते. सपाटीसाठी जे तत्त्व मान्य केले ते चढासाठी नाकारण्याचे कारण दिसत नाही.

तिसरा आक्षेप कंपन्यांकडून येईल. स्वस्त गाडी शहरासाठी बनवलेली आहे, घाटातल्यांनी मोठी गाडी घ्यावी. आणि जादा चाचण्यांचा खर्च शेवटी ग्राहकावरच पडेल. यातला पहिला भाग मान्य केला, तर तो गाडीवर लिहून द्यावा. ‘लांब चढासाठी शिफारस नाही’ हे वाक्यही प्रामाणिक माहितीच आहे. पण शहर म्हणजे सपाटी, हे गृहीत पुण्यातच टिकत नाही. कात्रजचा चढ, बावधन-चांदणी चौकाचा परिसर, सुसची बाजू, सगळीकडे नव्या सोसायट्या टेकड्यांच्या अंगावर उभ्या आहेत. सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसले आहे, आणि कोकणात तर घर आणि रस्ता एका पातळीवर असणे हेच अपूर्वाईचे. खर्चाचे म्हणाल, तर गाडी तीच, रोलर तोच, फक्त विरोध वाढवलेला; हा खर्च एका मॉडेलमागे एकदाच येतो आणि हजारो गाड्यांवर वाटला जातो. उलट हा आकडा नसल्याचा खर्च आजही ग्राहकच भरतो आहे. खात्री नाही म्हणून तो एक पायरी वरची गाडी घेतो, किंवा पेट्रोललाच चिकटून राहतो. महागड्या गाडीत मोटर आणि बॅटरी दोन्ही मुबलक असल्याने अंदाज चुकला तरी भागते. स्वस्त गाडीत हातचे काही राहिलेले नसते. म्हणून नेमक्या आकड्याची गरज कमी पैसे असलेल्यालाच जास्त आहे.

चौथा आक्षेप असा, की इतके आकडे सामान्य ग्राहकाला कळणार नाहीत. विजेचे बिल, पंपाची पाटी, खताच्या पोत्यावरचे प्रमाण आणि फ्रिजवरचे तारे वाचणाऱ्या ग्राहकाविषयी असे म्हणणे अन्यायाचे आहे. आणि पाचवा आक्षेप कदाचित तुमच्याच कार्यालयातून येईल, की नियम मंत्रालय करते, आम्ही केवळ चाचणी करतो. ते खरे आहे. पण एआयएस मानके तयार करणाऱ्या समितीचे सचिवालय तुमच्याकडेच आहे. प्रस्ताव मांडायला तुमच्याइतकी योग्य जागा देशात दुसरी नाही, आणि एआरएआयकडून आलेला प्रस्ताव बाजूला सारणे मंत्रालयालाही सोपे जाणार नाही.

सार्वजनिक पैशाचा मुद्दाही इथे आहे. आधी फेम-२ योजनेतून आणि ऑक्टोबर २०२४पासून पीएम ई-ड्राइव्ह योजनेतून इलेक्ट्रिक दुचाकींना दिलेले अनुदान बॅटरीच्या आकारावर ठरत आले. पीएम ई-ड्राइव्हमध्ये पहिल्या वर्षी ते किलोवॉट-तासाला ५,००० रुपये आणि गाडीमागे जास्तीत जास्त १०,००० रुपये होते; एप्रिल २०२५पासून ते निम्मे झाले. या पद्धतीत मोठ्या बॅटरीला बक्षीस मिळते, टिकाऊ मोटरला मिळत नाही. घाटातल्या माणसाला लहान बॅटरी आणि दमदार मोटर हवी असते, पण अनुदानाचा ओढा दुसऱ्या बाजूला राहिला. चढाचा आकडा प्रमाणपत्रात आला, तर केंद्राच्या आणि राज्याच्या पुढच्या धोरणांना तो वापरता येईल, आणि डोंगराळ तालुक्यांत दिले जाणारे प्रोत्साहन तिथे चालणाऱ्या गाडीलाच मिळेल. मानक बदलायला वेळ लागतो हे मान्य आहे. बॅटऱ्यांना आगी लागण्याच्या घटनांनंतर एआयएस-१५६ हे सुरक्षा-मानक २०२२मध्ये कडक करण्यात आले. निकड पटली की काम वेगाने होते, हेही त्यातून दिसले. ही निकड पटायला घाटातल्या अपघातांची वाट पाहू नये.

म्हणून शेवटची विनंती अशी : मानक-समितीच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ‘दुचाकींची चढ-चाचणी’ हा विषय घ्यावा आणि त्यावर काय ठरले ते जाहीर करावे. तोवर निदान एवढे करावे, की तुमच्याकडे नोंदलेल्या अर्ध्या तासाच्या शक्तीची मॉडेलवार यादी सर्वांना पाहता येईल अशी प्रसिद्ध करावी. कंपन्यांना अडचण असेल तर तीही उघडपणे मांडली जावी, म्हणजे त्यावर चर्चा होईल. वाहन-परीक्षणे लिहिणाऱ्यांनाही याच पत्रातून सुचवावेसे वाटते, की पुढच्या वेळी रेंजआधी या शक्तीचा आकडा विचारा आणि कंपनीने तो दिला नाही तर परीक्षणात तसे नमूद करा. ग्राहकांनी शोरूममध्ये हाच प्रश्न लावून धरला, तर विक्रेत्यांना उत्तर शोधावे लागेल आणि ते उत्तर मागायला त्यांना तुमच्याकडेच यावे लागेल. त्या वेळी ते तयार असावे, ही अपेक्षा.



आपला नम्र,
घाटमाथ्यावरचा एक ग्राहक